उगवल्यावर कळंल

वहिनींची आणि माझी शेवटची भेट मागच्या अंगणात झाली, तीही उभ्याउभ्या. त्या दिवशी पुंडलिकनगरला वहिनींच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. आमच्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, आणि तो आला की बाकीची कामं थांबतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. टाकी, पिंप, बादल्या, घागरी... वहिनींच्या घरी तर चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलेलं असायचं. मी मुकुंदवाडीहून गिरणीत दळण टाकून सहज डोकावलो होतो. मागं जाऊन बघतो तर भिंतीकडचा मोठा वाफा खणून, ढेकळं फोडून, हातानं चापून सपाट केलेला, आणि वहिनी कंबरेवर एक हात ठेवून झारीनं त्यावर पाणी शिंपडतायत. "काय पेरलं वहिनी?" मी विचारलं. वर न बघता त्या म्हणाल्या, "उगवल्यावर कळंल." मी म्हटलं, बरं. चहा नको म्हणालो, कारण दळण घ्यायचं होतं. एवढंच.

प्रयागवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पेरलेलं सांगायचं नसतं, ही त्यांच्या माहेरची रीत. बी मातीत गेलं की कोंब वर येईस्तोवर त्याचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की ते रुसतं. दादा, म्हणजे माझा भाऊ, यावरनं त्यांची लई फिरकी घ्यायचा. बाजारातनं मेथीचं बी त्यानंच आणून दिलेलं असायचं आणि संध्याकाळी तोच गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, काय पेरलं गं? वहिनीही तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, उगवल्यावर कळंल. घरात हा खेळ इतका रुळला की परीक्षेचा निकाल, कुणाच्या घरचं बाळंतपण, पावसाचा अंदाज, काहीही विचारा, आमच्याकडं हेच उत्तर.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. दूधवाला हाका मारून दमला, दार उघडत नाही, तुम्ही या. मी गेलो. झोपेतच गेल्या होत्या. अंगावरचं पांघरूणसुद्धा विस्कटलेलं नव्हतं. नितीन, त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याहून दुपारपर्यंत पोचला आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. परत आल्यावर आंघोळ करून तो मागच्या अंगणात गेला, तो बराच वेळ आलाच नाही. मी बघायला गेलो. तो त्या वाफ्यापुढं उभा होता. माती अजून ओलसर होती. मला बघून म्हणाला, "काका, परत पेरलंय हिनं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, एवढा पालक निघाला की येते मी तुझ्याकडं. आणि हे बघा." मलाही तेच वाटत होतं.

त्याचा राग समजायचा तर थोडं मागं जावं लागेल. दादा आणि मी दोघंही वाळूजला कारखान्यात. तो एका कंपनीत, मी दुसऱ्या. त्यानं हा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या तेव्हा मी बिनलग्नाचा, त्यांच्याकडंच राहायचो. पाठीमागं जी जागा उरली होती तिथं नुसता मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे. वहिनी खेड्यातनं आलेल्या, त्यांना ती जागा सहन होईना. माहेराहून परत येताना लोक पापड-कुरडया आणतात, ह्या मातीची पोती आणायच्या. एसटीच्या टपावर पोतं चढवायला कंडक्टर कुरकुरायचा, आत काय आहे म्हणून विचारायचा, तर ह्या सांगायच्या, दाणे हायेत. खोटं नव्हतं ते म्हणा, दाणे त्याच मातीतनं निघणार होते. अशी पोत्यापोत्यानं त्यांनी तिथं काळी माती उभी केली आणि पहिल्याच वर्षी वांगी, मिरची, टोमॅटो लावले. आणि सगळं पिवळं पडून मेलं. कारण पाणी मोरीचं, आणि मोरीच्या पाण्यात आम्हा दोघा भावांच्या अंगावरचं वाळूजचं तेल आणि ते काढायला लावलेला साबण. वहिनी त्या वाळलेल्या रोपांपुढं बसून रडल्या होत्या. दादा हसला, मग त्याचं हसू जिरलं. दुसऱ्या दिवसापासून नियम निघाला... साबणाचं पाणी केळीला, बिनसाबणाचं भाजीला. शिफ्टवरनं आलं की आधी राखेनं हात घासायचे, मगच मोरीत पाय. मी पुढं टूलरूममध्ये गेलो, चार लोक माझ्या हाताखाली आले, तरी घरी आल्यावर राखेनं हात घासत होतो.

पुढं भाजी येऊ लागली. पण लोकांना वाटतं तशी दरसाल नाही. एक वर्ष टोमॅटो इतके, की गल्लीतली माणसं आम्हाला बघून दार लोटून घ्यायची. पुढच्या वर्षी मावा कीड पडली आणि एकही हाती लागला नाही. गवार चांगली आली की घूस बुडातून पोखरायची. भोपळ्याच्या वेलाला एका उन्हाळ्यात नुसती फुलं, फळ एक नाही. वहिनींनी त्या फुलांची भजी केली आणि वेलाला म्हणाल्या, तुझ्या मनासारखं. माझ्या लग्नाच्या वेळची गोष्ट तर आमच्या सासरी अजून सांगतात. मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून वहिनींनी मोठ्या कौतुकानं घरच्या दोडक्याची भाजी केली. त्या वेलाचे आधीचे दोडके गोड होते, म्हणून चाखायची तसदी कुणी घेतली नाही. पहिला घास घेतला आणि माझे डोळे पांढरे झाले. कडू, म्हणजे औषधासारखं कडू. मी दादाकडं बघतोय, दादा ताटाकडं बघतोय, पाहुणे मान खाली घालून जेवतायत. शेवटी माझे होणारे सासरे सावकाश म्हणाले, "कारलं बाकी झकास जमलंय." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वाढू का अजून?" आणि त्या भल्या माणसानं वाढून घेतलं. मंगलचं आणि माझं लग्न त्या ताटावर ठरलं असं मी समजतो. कारण असं जेवून जो माणूस नाही म्हणत नाही, तो पुढं कशालाच नाही म्हणणार नाही. वहिनींना खरा प्रकार पाहुणे गेल्यावर कळला, आणि वर्षभर त्यांनी वेलाकडं बघून बोलणं सोडलं होतं.

दादा गेला आणि घर एकदम रिकामं झालं. नितीनची नोकरी पुण्याला, तिथं फ्लॅट, बायको, संसार. दिवस झाल्यावर तो म्हणाला, आई, चल माझ्याबरोबर. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तेव्हा वाफ्यात वांगी धरलेली होती. वहिनी म्हणाल्या, "उभं पीक टाकून कुठं जात असतेत का? एवढी वांगी निघू दे." आमच्या घरात हा शब्द मोडत नाही. माझे वडील आजारी पडले तरी काढणी झाल्याशिवाय दवाखान्याला आले नव्हते. नितीननं मान डोलावली आणि गेला. वांगी निघाली तोवर मिरची फुलावर आली होती. मिरची झाली तोवर वाल मांडवावर चढला होता. नितीन यायचा, मागं जाऊन बघायचा, आणि एकटाच परत जायचा.

त्यानंतर वहिनींच्या पेरण्या बिघडल्या. म्हणजे गल्लीला तसं वाटलं. मे महिन्यात मेथी लावायच्या, ती उन्हानं होरपळून जायची. ऐन पावसात कोथिंबीर, ती सडायची. एका उन्हाळ्यात चक्क फुलकोबी लावली, आणि तिला नुसता पाला आला, गड्डा आलाच नाही. शेजारीण मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, भाऊ, वहिनींचं वय झालं वाटतं, कोणत्या दिवसांत काय लावायचं तेसुद्धा राहिनं ध्यानात. मी हो म्हटलं. पण माझ्या ध्यानात आलं होतं. भाजी कोणती येते याच्याशी त्यांना देणंघेणंच नव्हतं. वाफा मोकळा राहता कामा नये, एवढंच. एक निघायच्या आत दुसरं मातीत गेलेलं पाहिजे, म्हणजे नितीन आला की दाखवायला उभं पीक आहे. मी एकदा बोलून दाखवलं. म्हटलं, वहिनी, मेच्या उन्हात मेथी कुणासाठी लावता? त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय तर गप बसा की भावजी." मी गप बसलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. माझं आता उरलंय कोण त्या पिढीतलं? स्कूटर काढली की दहा मिनिटांत त्या भेटायच्या, आणि दादाची आठवण काढणारं दुसरं माणूस मला त्याच एका घरात मिळत होतं.

पुण्याला त्या अगदीच गेल्या नाहीत असं नाही. नातवाच्या बारशाला गेल्या, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या. परत आल्या की सांगायच्या. सगळं चांगलं हाय, सून हातावर चहा देते, पण तांदूळ धुतल्यालं पाणी टाकायचं कुठं? नळ उघडला की चोवीस तास पाणी, आणि वापरलेलं सगळं पायपात. हे त्यांना पचत नव्हतं. त्या डाळ-तांदळाचं पाणी पातेल्यात साठवून लिफ्टनं खाली न्यायच्या आणि सोसायटीच्या झाडांना घालायच्या. लिफ्टमध्ये ते सांडलं. सेक्रेटरी की कोण त्यांनी नितीनला फोन केला. नितीन आईला काही बोलला नाही, पण सुनेशी हळू आवाजात जे बोलला ते यांना ऐकू गेलं. "पोरगं चांगलंय वो भावजी," वहिनी मला म्हणाल्या, "पण तिथं सकाळी उठून मी बघू काय?" मी स्वतः निवृत्त झाल्यावर सहा महिने कंपनीच्या बसच्या वेळेला तयार होऊन बसत होतो.

नितीनला मात्र हे कुणी सांगितलं नाही. त्याच्या बाजूनं बघा. दरवेळी इतक्या लांबून गाडी हाकत यायचं आणि दरवेळी मुळ्याच्या पाल्याकडं बोट दाखवून आईनं नाही म्हणायचं. एकदा तो माझ्यासमोरच म्हणाला होता, "आई, तू एकदा सरळ सांग ना, तुला माझ्याकडं राहायचं नाही." वहिनी म्हणाल्या, "असं कुठं म्हणलं मी?" आणि आत निघून गेल्या. हा भाजीवरचा वाद नव्हता. आईला आपलं घर आपलं वाटत नाही, ही गोष्ट त्या पोराला आतून खात होती, आणि चाळिशी ओलांडलेला माणूस हे तोंडानं कसं बोलणार...

गेल्या दिवाळीत तो आला, दोन दिवस राहिला, पाडवा करून गेला. तो गेल्यावर मी फराळाचा डबा द्यायला गेलो तर वहिनी मागच्या पायरीवर बसलेल्या. वाफ्यात पालक, मेथी, मुळा, सगळं हिरवंगार, हंगामातलं, बऱ्याच वर्षांनी इतकं छान आलेलं. मी म्हटलं, औंदा साधलं तुम्हाला. त्या म्हणाल्या, "औंदा इचारलंच नाय त्यानं." मला आधी कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "चल म्हणला नाय. मागं यिऊन बघितलं बी नाय, काय लावलंय ते." मी समजूत घातली, गडबडीत असेल, कामाचा ताण असेल. त्या म्हणाल्या, "थकलं वाटतं लेकरू." आणि मुळा उपटून मला द्यायला उठल्या.

मी ते तिथंच सोडून दिलं. भोगीला गेलो, तेव्हा त्यांच्या हातची भाजी-भाकरी खाल्ली. वाफ्यातला वाल, गाजर, वांगं, सगळं त्यात होतं. त्यानंतर एकेक वाफा निघत गेला आणि मी लक्ष दिलं नाही. मग तो नळाचा दिवस आला, जो मी वर सांगितला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नितीननं घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. गाडीत बसता बसता परत उतरला. म्हणाला, "काका, एक करा. त्या वाफ्याला पाणी घालत जा. काय पेरलंय ते उगवू दे. मला कळू दे, शेवटी मला काय सांगणार होती ती." मी म्हटलं, घालतो. त्याच्या तोंडावर राग होता, पण तसा राग मी पूर्वी लहान पोरांच्या तोंडावर बघितलाय, रडायच्या आधीचा.

मग मी रोज जाऊ लागलो. सकाळी मंगलनं चहा दिला की स्कूटर, कुलूप उघडायचं, मागचं दार, झारी. ऊन तापत चाललं होतं, म्हणून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा पातळ थर वर अंथरला. संध्याकाळी ऑफिसातून सुटला की नितीनचा फोन. काही दिसलं? नाही रे अजून. मेथी असती तर आठवड्याच्या आत दिसली असती. मेथी नव्हती. मी म्हटलं, पालक असंल. मग पालकाचेही दिवस गेले. गवार, भेंडी, काकडी, या दिवसांत लावतात ते सगळं मी मनात धरलं आणि एकेक सोडत गेलो. मध्ये एकदा सकाळी हिरवं दिसलं. चष्मा पुसून गुडघ्यावर बसलो, तर घोळ आणि लव्हाळा. ही दोन्ही तणं न बोलावता येतात. ती उपटली. आता खोटं कशाला बोलू, मला काहीतरी उगवायला हवं होतं. एक जरी दोडका वर आला असता तरी मला म्हणता आलं असतं, वहिनी कुठं जाणार नव्हत्या, इथंच राहणार होत्या, आमच्यात. आणि नितीनला उगवायला नको होतं. फोनवर 'नाही' म्हटलं की तो श्वास सोडायचा, तो मला ऐकू यायचा. एकाच वाफ्याकडं आम्ही दोघं बघत होतो आणि दोघांना दोन गोष्टी हव्या होत्या.

होळी झाली. कारल्याचं बी टणक, ते सगळ्यात उशिरा फुटतं, म्हणून मी आणखी थांबलो. कारलंही आलं नाही. शेवटी एका सकाळी मी पाला बाजूला केला आणि बोटांनी माती चाळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ढेकूळसुद्धा फोडून बघितलं. सडलेलं बी असतं, किड्यानं खाल्लेलं असतं, त्याची फोलपटं तरी राहतात. काही नव्हतं. नुसती माती, स्वच्छ, एक काडी नाही, एक खडा नाही. आणि मग कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाकीचे वाफे बघितले. तेही तसेच निवडलेले, चापलेले, मोकळे. मांडवाच्या काठ्या सोडवून भिंतीला नीट उभ्या करून ठेवलेल्या. रोज येत होतो मी तिथं, आणि एका वाफ्यावरनं नजर हलवली नव्हती. घर सोडताना बाई चूल सारवून जाते तसं त्यांनी अंगण सारवलं होतं, झारीचं ते पाणीही त्यातलंच. दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात उभं पीक नव्हतं. पोरानं विचारायचं सोडलं, म्हणून त्या न विचारता निघाल्या होत्या.

संध्याकाळची वाट बघितली नाही. तिथूनच फोन लावला. नितीन मीटिंगमध्ये होता, बाहेर आला. मी म्हटलं, "बाळा, काही पेरलेलं नाही. मी माती चाळून बघितली. सगळे वाफे मोकळे केलेत तिनं." "म्हणजे?" तो म्हणाला. मी परत म्हटलं, "येत होती ती तुझ्याकडं." मग तो रडायला लागला, ऑफिसच्या जिन्यात की कुठं कोण जाणे, दिवसाढवळ्या. मीही पायरीवर बसलो. मला माझं वाईट वाटत होतं, हेही सांगून टाकतो. त्या जगल्या असत्या तरी या घराला कुलूपच लागणार होतं, आणि त्या नळाच्या दिवशी मला त्यांनी चहाला थांबा म्हटलं होतं.

गेल्या आठवड्यात मी नितीनला विचारलं, पाऊस तोंडावर येईल, वाफ्यात काही लावू का, जमीन पडून राहते. तो म्हणाला, "नको काका. तसाच मोकळा राहू द्या." म्हणून मी आता दर रविवारी जातो, मागचं दार उघडतो, खुरपं घेऊन बसतो, आणि जे काही उगवलं असेल ते उपटून येतो.